सरत्या कराराचा भाव

कोल्हापुरात बास्केटबॉलचा सामना चेंडूकडे न बघता बघणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझा साडू आहे. हे मी जबाबदारीने लिहितो. सूतगिरणीत हिशेब तपासण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे 'एकच' हा शब्द मी मोजल्याशिवाय वापरत नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे सामने आपल्याकडे सकाळी सहा-साडेसहाला दिसू लागले. ज्यांनी ते पाहिले त्यांना सात-सात फुटी गडी हवेत तरंगताना दिसले. साडूंना तसलं काही दिसत नसे. दात घासता घासता ते पडद्याजवळ जात आणि ज्या गड्याच्या नावाने तिथलं अख्खं मैदान ओरडत असे त्याच्याकडे ब्रश रोखून म्हणत, "ह्याची अजून चार वर्षं बाकी हाईत. बोजा हाय, बोजा!" मग कॅमेरा चुकून राखीव खेळाडूंच्या बाकावर गेला आणि तिथे डोक्यावर टॉवेल घेऊन पेंगणारा एखादा म्हातारा गडी दिसला, की त्यांचा चेहरा उजळे. "त्यो बघा पावणं! जूनमधी संपतोय त्यो. ह्या घटकेला अख्ख्या अमेरिकेत त्याच्यासारखा हिरा न्हाय."

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचे यजमान. राहणार शिवाजी पेठ, उंची पाच फूट चार इंच, नोकरी एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत, म्हणजे लोकांच्या रजा, बदल्या, ज्येष्ठता आणि निवृत्ती यांच्या नोंदी ठेवण्याची. कॉलेजात असताना त्या उंचीवर ते बास्केटबॉल खेळले, आणि उंची वाढेना म्हणून अभ्यास वाढवला, असं ते स्वतःच सांगत. त्यांचा एक पुतण्या अमेरिकेत होता. तो तिकडच्या वर्तमानपत्रांची खेळाची पानं पोस्टाने पाठवायचा; ती दीड महिन्याने पोचत. त्यातून साडू एकच माहिती उचलत: कुणाचा करार किती वर्षांचा, आणि तो कधी संपतो. ही माहिती ठेवण्यासाठी त्यांनी काय करावं? सरकारी नोकराचं असतं तसं एकेका अमेरिकन खेळाडूचं सेवापुस्तक उघडलं. महाद्वार रोडवरच्या दुकानातून कोरी पुस्तकं स्वतःच्या पैशाने विकत आणली, कचेरीतली नव्हेत, हेही इथे नोंदवतो. रुजू होण्याचा दिनांक, सेवासमाप्तीचा दिनांक, मधल्या बदल्या, सगळं निळ्या शाईत. 'अंगावरील ओळखीची खूण' या रकान्यात ते प्रत्येकाच्या नावापुढे 'उंच' असं लिहीत. अशी एकशे चाळीस पुस्तकं मी त्यांच्या कपाटात मोजली आहेत. मेव्हणी म्हणायची, "दाजी, माझ्या साड्या ट्रंकेत आन् ही लंबी माणसं कपाटात. मी कुणाला सांगू?"

सुरुवातीला मलाही हा प्रकार वेडाचा वाटला. जो गडी खेळत नाही आणि वर्षअखेर जाणार आहे त्याच्यासाठी कुणी चांगला गडी का द्यावा? साडूंनी मला समोर बसवून समजावलं. तिकडे प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते. समजा, एका संघाचे पगार मर्यादेला भिडले आहेत आणि पुढच्या वर्षी त्याला एक मोठा खेळाडू आणायचा आहे. जागा कुठून करणार? मग तो आपला एक बरा खेळाडू, ज्याची अजून तीन-चार वर्षं बाकी आहेत असा, दुसऱ्या संघाला देतो आणि बदल्यात तितक्याच पगाराचा पण यंदाच मुदत संपणारा खेळाडू घेतो. जून आला की तो आपोआप मोकळा होतो आणि त्याच्या पगाराएवढी जागा रिकामी होते. याला साडूंनी नाव दिलं होतं 'सरता करार'. मी कागद घेऊन दोन्ही बाजूंचे आकडे मांडले, उलटसुलट तपासले. त्यात कुठेही चूक नव्हती.

तरी माझी पुरती खात्री पटली ती पन्हाळ्याच्या एसटीत. आम्ही दोन्ही कुटुंबं सासूबाईंना घेऊन पन्हाळ्याला निघालो होतो. गाडी भरलेली, आम्ही सगळे उभे. साडू मात्र पुढून मागे प्रत्येकाला विचारत चालले, "पावणं, उतरणार कुठं?" एकाने म्हटलं, "तुमास्नी काय करायचंय?" साडू म्हणाले, "नुस्तं सांगून तर बघा, तुमचं काय झिजतंय?" पुढच्या बाकावरचं एक जोडपं केर्लीला उतरणार होतं. साडूंनी त्या बाकाशेजारची उभी राहायची जागा पकडली आणि मागच्या आदळणाऱ्या बाकावर एकटा बसलेला, ज्याची बायको पुढे ताटकळत उभी होती असा एक गृहस्थ हेरला. "मालक," साडू त्याला म्हणाले, "ती मागची जागा माझ्या सासूबाईस्नी द्या. तुम्ही दोघं माझ्या हितं उभं राहा. धा मिंटात ह्यो बाक मोकळा. दोघं शेजारी बसा, खिडकी बी मिळंल." गृहस्थाने घड्याळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि उठला. सासूबाई बसल्या. केर्लीला बाक मोकळा झाला आणि तो गृहस्थ बायकोसकट तिथे बसला. उभं राहायच्या जागेवर साडूंनी बसायची जागा मिळवली होती आणि नुकसान कुणाचंच झालं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या शास्त्रावर शंका घेणं सोडलं. ती माझी चूक होती, पण ते पुढे येईल.

हे शास्त्र ते सगळीकडे लावत. खानावळीत गर्दी असली की ताकभातावर आलेल्या माणसाच्या मागे जाऊन उभे राहत. जिलबी घेणारा माणूस त्यांच्या लेखी बोजा होता. घर भाड्याने बघताना मालकाला खोल्यांबद्दल काहीही न विचारता आधीचा भाडेकरू कधी जाणार एवढंच विचारत. एकदा आमच्याकडे मुलीच्या स्थळाची बोलणी चालली होती. मुलाकडच्यांनी अभिमानाने सांगितलं की मुलगा कायम नोकरीत आहे, निवृत्तीला तेहतीस वर्षं बाकी आहेत. साडू मोठ्याने "अरेरे!" म्हणाले. ते स्थळ तिथेच थांबलं. मेव्हणी त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. साडूंनी तो अबोला किती तारखेला संपेल याचा अंदाज मला आधीच सांगितला होता आणि तो एका दिवसाने चुकला.

आता मूळ गोष्ट. शिवाजी पेठेत फुटबॉलचं काय स्थान आहे हे मी कोल्हापूरकराला सांगायला नको. त्या पेठेत बास्केटबॉलचं मंडळ चालवणं म्हणजे पैलवानाच्या घरात पोपट पाळण्यासारखं आहे. कुणी विरोध करत नाही, पण कुणी विचारतही नाही. साडू त्या मंडळाचे व्यवस्थापक होते. एका शाळेमागचं सिमेंटचं मैदान, त्यावरची एक कडी दुसरीपेक्षा दोन इंच खाली, आणि दहा खेळाडू. शहरातली आठ मंडळं मिळून दर हिवाळ्यात स्पर्धा भरवत. पगार वगैरे कुणाला नव्हता. पण नियम कडक होते: प्रत्येक मंडळाला दहाच अर्ज भरता येत; एकदा अर्जावर सही झाली की खेळाडू दोन हंगाम त्या मंडळाचा; आणि मध्येच बदल हवा असेल तर दोन्ही मंडळांच्या संमतीने एकास एक अदलाबदल. हे नियम वाचले तेव्हा साडूंना भरून आलं होतं. अमेरिकेत पगाराला मर्यादा, इथे जागांना. बाकी सगळं तेच.

या दहांत दिनकर होता. उद्यमनगरात त्याचं स्वतःचं लेथचं छोटं दुकान. उंची सहा फूट दोन इंच, वय चाळीसच्या पुढे, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. कॉलेजात साडूंनी चेंडू आणायचा आणि दिनकरने तो टाकायचा, अशी जोडी होती. तेव्हापासून तो साडूंना 'बारक्या' म्हणायचा; साडूंच्या कचेरीत त्यांच्या साहेबांसमोरसुद्धा. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं मिसळ खायला जात असू. दिनकर बोलायचा कमी. साडू अमेरिकेचा हिशेब सांगत आणि तो शांतपणे त्यांच्या ताटातला जास्तीचा पाव उचलून खाई.

एका वर्षी, हंगामाच्या मध्यावर, साडू सेवापुस्तकं बाजूला सारून आमच्या राजारामपुरीतल्या घरी आले. डोळे चमकत होते. त्यांनी शहरातल्या आठही मंडळांचे अर्ज तपासले होते. बावड्याच्या मंडळाला पुढच्या वर्षी इचलकरंजीचा एक उंच खेळाडू घ्यायचा होता, पण त्यांच्या दहाही अर्जांना अजून एक वर्ष बाकी होतं. जागा नव्हती. आमच्याकडे दिनकरचा अर्ज यंदाच्या मेअखेर संपत होता. "दिनू द्यायचा," साडू म्हणाले, "आन् त्यांचा त्यो चपळ गार्ड घ्यायचा, चेंडू पुढं नेणारा. मे संपला की त्यांची जागा मोकळी." आणि पुढचा डाव त्यांनी आवाज उतरवून सांगितला. आमचा आणखी एक खेळाडू नोकरीसाठी मेमध्येच पुण्याला जाणार होता. म्हणजे आमचीही एक जागा रिकामी होणार. "तिथं दिनू परत. गार्ड बी आपला, दिनू बी आपला. तिकडं असं लई वेळा होतंय पावणं. सोडलेला गडी मोकळा झाला की जुन्याच घरी येतोय." मी कागद घेतला. दोन्ही मंडळांचे दहा-दहा अर्ज मांडले. जुळत होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे." हे दोन शब्द मी म्हणालो होतो, हे इथे लिहून ठेवणं मला आवश्यक वाटतं.

रविवारी मिसळीच्या टेबलावर साडूंनी सुरुवात केली. "दिनू, आनंदाची बातमी हाय. आपल्या धा जणांत सगळ्यात जास्त भाव कुणाला आलाय म्हाईत हाय? तुला."

दिनकर हसला. "मला? आरं बारक्या, जिना चढताना गुडघं वाजत्यात माझं. मला कसला भाव?"

"म्हणून तर भाव! तू संपत आलायस न्हवं!"

दिनकरचा हात पावावरच थांबला. साडू वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढण्यात गुंग होते. त्यांनी आठ चौकोन काढले, बाण काढले, बावड्याची अडचण समजावली. दिनकरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे त्यास्नी मी नगोय. मी गेल्यावर हुनारी जागा पायजे."

"कसं पटकन ध्यानात आलं बघा!" साडू माझ्याकडे वळून म्हणाले. "तुमास्नी पन्हाळ्याला जावं लागलं हुतं."

दिनकरने तर्रीचा वाडगा बाजूला सरकवला. "कुठं सही करायची?"

मी वाट बघत होतो की साडू आता मेनंतरचं सांगतील. त्यांनी मिसळीचे पैसे चुकते केले. बाहेर पडल्यावर मी विचारलं तर त्यांनी दोन्ही कान धरले. "छे छे! करार चालू असताना पुढच्या कराराबद्दल गड्याशी अवाक्षर बोलायचं न्हाय. तिकडं दंड करत्यात." मी म्हणालो, "साडू, हे कोल्हापूर आहे. इथल्या नियमांत तसं कलम नाही." ते म्हणाले, "कलम नसलं म्हणून काय झालं? रीत हाय." नोकरीत कुणाच्या बदलीची फाईल त्यांनी आधी फोडली नव्हती, नातेवाईकाचीसुद्धा नाही. ती सवय इथेही आडवी आली. आणि मीही पुढे काही बोललो नाही, कारण आकडे बरोबर होते.

अदलाबदल झाली. बावड्याचा गार्ड खरोखर चपळ होता. आमचं मंडळ, जे उपांत्य फेरीच्या पुढे कधी गेलं नव्हतं, ते अंतिम सामना खेळलं आणि चार गुणांनी हरलं. पेठेतल्या फुटबॉलवाल्यांनीसुद्धा थांबून विचारलं, "काय, टोपलीवालं फायनलला गेलतं म्हणं?" साडू सगळीकडे छाती काढून फिरत होते. रविवारी मात्र दिनकर मिसळीला येईना. आधी सर्दी झाली म्हणाला, मग काम आहे म्हणाला, मग काही म्हणालाच नाही. साडू म्हणत, "बरंच झालं. आत्ता भेटला तर तोंडातनं जाईल माझ्या. मे संपू दे."

मे संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा आणि कोरा अर्ज घेऊन माझ्या दारात हजर. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी उद्यमनगरात गेलो. दिनकर लेथवर काहीतरी कातत होता. आम्हाला बघून त्याने मशीन बंद केलं, कापडाला हात पुसले आणि दोन स्टुलं पुढे ओढली.

"या साहेब, बसा. च्या घेणार न्हवं?"

साहेब! साडूंनी मागे वळून पाहिलं, कुणी तिसरं आलंय का म्हणून. मग ते घाईघाईने बोलायला लागले. "दिनू, झालं बघ. काल संपलं. आता घरी ये. धावी जागा तुझ्यासाठीच राखून ठिवलीया, पहिल्यापास्नं."

"पहिल्यापास्नं?"

"व्हय तर! ह्यास्नी इचार."

दिनकरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "मग तवा सांगितलं का न्हाई तुम्ही?"

"मुदत संपायच्या आधी बोलता येत न्हाय. नियम हाय तसा."

"कुठला नियम?"

साडूंनी पेढ्यांचा पुडा दुसऱ्या हातात घेतला. "अमेरिकेतला."

"अमेरिकेतला," दिनकर म्हणाला. हसला नाही. चहा आला, त्याने कप आमच्या हातात दिले, आणि स्वतःचा न घेता सांगितलं, "बावड्याची पोरं एप्रिलातच आलती हितं. सगळी, नऊच्या नऊ. सराव न्हवता, सामना न्हवता. आन् म्हणाली, आण्णा, थांबताय न्हवं? मला वाटलं, चेष्टा करालीत. म्हटलं, आरं माझ्या जागंवर तुमचा इचलकरंजीचा गडी यायचाय की. तर म्हणाली, त्याला म्हटलंय एक वर्ष थांब." त्याने लेथवरचा कीस बोटाने गोळा केला. "तिथं मी दोन मिंटं बी खेळत न्हाय साहेब. बाकावर बसून पोरास्नी पाय कुठं ठेवायचा त्येवढं सांगतो. पर इचारलं त्यांनी. म्या थांबतो म्हणालो. सही झाली."

साडूंच्या हातातला अर्ज तसाच होता. त्याची घडी घालत त्यांनी विचारलं, "किती वर्षं?"

"दोन."

पेढे आम्ही तिथेच ठेवले. परत येताना राजारामपुरीच्या पहिल्या गल्लीशी साडूंनी स्कूटर बाजूला घेतली. "पावणं, आकडेमोड बरोबर हुती न्हवं आपली?"

"होती."

"मग चुकलं कुठं?"

मी आयुष्यात अनेकांच्या चुका शोधून दिल्या आहेत; ही शोधायला मला वेळ लागला नाही, सांगायला लागला. "बावड्याच्या पोरांनी त्याला विचारलं," मी म्हणालो. "आपण फक्त मोजलं." साडूंनी मान हलवली, स्कूटरला किक मारली, ती सुरू झाली नाही, आणि दुसरी किक न मारता ते ती ढकलतच पेठेपर्यंत गेले. मी बरोबर चालत होतो. पेट्रोल होतं, हे मला दिसत होतं.

कुणाला वाटेल, माणूस यातून खचला. साडू खचणाऱ्यातले नव्हते. त्यांनी ठरवलं, दहावी जागा भरायची नाही. खेळाडू कुरकुरले, "साहेब, नऊ जणांत कसं भागायचं? एकाचा पाय मुरगळला तर?" साडू त्यांना अमेरिकेचा दाखला देत: मोकळी जागा हीच संघाची ताकद. पोरांना ते पटलं नाही, मला तर नाहीच. आणि महिन्यातून एकदा ते काहीतरी काम काढून उद्यमनगरात जाऊ लागले. सरळ जाऊन काही मागायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, निमित्त हवं. म्हणून ते पितळी खुंट्या कातून घेत. दर महिन्याला चार. दिनकर माप घेई, खुंट्या करून देई आणि म्हणे, "बसा, च्या घ्या." दोन वर्षांत घराच्या सगळ्या भिंती भरल्या. मेव्हणी एक दिवस वैतागून माझ्याकडे आली. "दाजी, खुंट्याच खुंट्या झाल्यात घरात! अडकवायला एवढी कापडं मी आणू कुठनं? मी म्हटलं ह्यास्नी, सरळ जाऊन माफी मागा की. तर म्हणत्यात, मागणार हाय, अजून ओळख वाढू दे." पंचवीस वर्षं जुन्या मित्राशी ते ओळख वाढवत होते.

दिनकरचे ते दोन हंगाम संपले. गुडघ्यांनी रजा घेतली आणि त्याने खेळणं थांबवलं, पण बावड्याच्या पोरांना शिकवणं चालू ठेवलं. शिकवणाऱ्याला अर्ज भरावा लागत नाही, त्याला मुदत नसते. साडूंच्या शास्त्रात अशा माणसासाठी रकानाच नव्हता. तरी दहावी जागा रिकामीच राहिली.

मग एका हिवाळ्यात आमचा सामना बावड्याशी आला. दोन्ही बाक समोरासमोर, मधे मैदान. इकडे साडू, तिकडे दिनकर. आमची पोरं सरळसरळ मार खात होती, कारण बावड्याचा एक डावखुरा गडी पुन्हा पुन्हा एकाच बाजूने आत घुसत होता आणि साडू आमच्या पोरांना भलत्याच बाजूला ढकलत होते. खोटं कशाला सांगू, साडूंना खेळ कळतच नव्हता. त्यांना करार कळत. दिनकर बराच वेळ अस्वस्थपणे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. तो उभा राहिला आणि त्या अख्ख्या मैदानाच्या वरून गरजला, "आरं बारक्या, डावखुरा हाय त्यो! त्याला डावीकडनं सोडू नगंस! काय बघालायस तू?"

बावड्याची पोरं आपल्याच गुरूकडे तोंड वासून बघत राहिली. पंचांनी शिट्टी फुंकली. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नाही. दिनकर एकदम खाली बसला. साडूंनी आपला बचाव बदलला, तरीही आम्ही हरलो. किती गुणांनी, ते मी दोनदा सांगायला गेलो, पण साडूंनी ऐकून घेतलं नाही. घरी जाताना ते सारखं एवढंच म्हणत होते, "'तू' म्हणाला मला, पावणं. 'तू' म्हणाला." पुढच्या महिन्यात ते खुंट्या न सांगता उद्यमनगरात गेले. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. दिनकर मिसळीला आला नाही. पण साडू परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या पाठीवर ग्रीसचा पंजाच्या आकाराचा डाग होता, आणि तो मेव्हणीला त्यांनी धुऊ दिला नाही.

गेल्या वर्षी अर्ज भरायच्या दिवशी साडू तापाने झोपून होते, म्हणून मंडळाची यादी घेऊन मी गेलो. मी अपुरा कागद कधी कुणाकडून घेतलेला नाही आणि कुणाला दिलेला नाही. टेबलामागच्या माणसाने नऊ नावं वाचली आणि दहाव्या ओळीवर पेन टेकवलं. "धाव्याचं काय? का मारू काट?"

मी खिशातून माझं पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं.

"काट मारू नका," मी म्हणालो. "येतोय तो."